थेल्मा गारसाइडने बोट दोनदा बुक केली

थेल्माने फोन लावला तो कॅरव्हानची उंची कळवायला. गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घराच्या छपरावर तिने नवी अँटेना बसवून घेतली होती, आणि उंची चुकली की बंदरावरच अडवतात हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी इंग्लंडच्या हल बंदरातून सुटून सकाळी हॉलंडमध्ये रॉटरडॅमला लागणाऱ्या बोटीवर तिने उन्हाळ्यासाठी जागा धरली होती. गाडी, कॅरव्हान आणि एकटीपुरती केबिन.

"ते बुकिंग तर रद्द झालंय बाई," फोनवरची मुलगी म्हणाली. "काल तुमच्या मुलाचा फोन आला होता. तुमची तब्येत बरी नसते म्हणाले."

"माझी? मी आत्ता शिडीवरून खाली उतरतेय!"

मुलगी ओशाळली. बिचारीचा काय दोष! तिने पुन्हा शोधलं. उन्हाळ्यात कॅरव्हानला जागाच उरली नव्हती. "ह्या शुक्रवारी मात्र एकाने रद्द केलीय. पण ते फार लवकर होईल ना तुम्हाला?"

"घे," थेल्मा म्हणाली. "आणि ह्या बुकिंगला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मुलगा नाही, सून नाही, खुद्द राजा आला तरी नाही."

"बरं. गाडी कोण चालवणार?"

"मी."

हे 'मी' म्हणायला तिला जन्म गेला होता. नवरा क्लिफ होता तोवर स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागत नसे. दर उन्हाळ्यात ती शेजारी नकाशा धरून बसायची. तीन वर्षांपूर्वी हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या कॅम्पवर क्लिफ कॉफी पिता पिता कोसळला तो उठलाच नाही. कॅरव्हान परक्या माणसाने ओढून आणली, आणि थेल्मा मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर, सामानासारखी. पुढे नायजेल आणि सून बोलत होते, "आईचं आता काय करायचं?" ती मागे बसून ऐकत होती. तेव्हाच तिने दात आवळले होते.

गेला सगळा हिवाळा तिने एका निवृत्त फौजी बाईकडून कॅरव्हान ओढत गाडी चालवायचे धडे घेतले. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की कॅरव्हान मुद्दाम उजवीकडे जाते. थेल्मा रडली, तिने शिव्या दिल्या, वाट आखायला मांडलेले कितीतरी प्लॅस्टिकचे शंकू चिरडले, पण शिकली.

त्याच संध्याकाळी ती नायजेलच्या दारात उभी राहिली. तो जेवायला बसत होता.

"मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे, दाराला कडी घालून ठेवायला?"

नायजेलला लगेच कळलं. त्याने नजर चुकवली. "आई, बाबा तिथेच गेले. तो फोन मी घेतला होता. तसला फोन मला पुन्हा नकोय गं."

त्याचा आवाज चिरकला. थेल्मा मात्र दारातून हलली नाही. "आणि मी इथे विदर्नसीत घरच्या सोफ्यावर बसून मेले तर तुला बरं वाटेल? पत्ता ओळखीचा म्हणून?"

"बघू. आता तशीही जागा मिळायची नाही तुला."

"मिळाली. शुक्रवारी निघतेय."

शुक्रवारी दुपारी तिने पडदा सारला तर नायजेलची व्हॅन तिच्या फाटकासमोर आडवी उभी. तो हाताची घडी घालून व्हॅनला टेकला होता. समोरची अ‍ॅव्हिस चहाचा कप घेऊन पायरीवर आली. अख्ख्या गल्लीला सुगावा लागला होता.

"व्हॅन काढ, नायजेल."

"नाही काढणार. बोट सुटली की काढतो."

थेल्मा वाद घालत बसली नाही. ती गाडीत बसली. फाटकाच्या डावीकडे बुटकं कुंपण होतं आणि त्याच्या अलीकडे क्लिफचे गुलाब. क्लिफने तिला त्या गुलाबांना कधी पाणीसुद्धा घालू दिलं नव्हतं. "माफ कर हं क्लिफ," ती पुटपुटली आणि तिने स्टिअरिंग फिरवलं. हिरवळ, गुलाब, कुंपण. कडकड आवाज करत गाडी रस्त्यावर उतरली आणि तिच्यामागोमाग गचके खात कॅरव्हान.

"जा गं थेल्मा! जा!" अ‍ॅव्हिस ओरडली. तिचा चहा सांडला.

आरशात नायजेल दिसला. तोंड उघडं, हात डोक्यावर.

बंदरावर पिवळ्या जाकिटातल्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बंपरमध्ये अडकलेली फांदी उपसली. "काय बाई, बागसुद्धा सोबत?"

"घरचे सोडत नव्हते," थेल्मा म्हणाली.

बोटीच्या पोटात तिला एका ट्रकशेजारच्या चिंचोळ्या जागेत रिव्हर्स घ्यायला सांगितलं. "मी लावून देऊ का?" त्या माणसाने विचारलं. तिने काच वर केली. पहिल्या खेपेला तिरकी गेली. मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले. "वाजवा!" ती काचेआड म्हणाली आणि पुन्हा पुढे आली. तिसऱ्या खेपेला कॅरव्हान सरळ आत शिरली. तेव्हा कुठे तिने काच खाली केली.

सकाळी रॉटरडॅमला बोट लागली तेव्हा नायजेलचा निरोप आला होता: 'कुंपण दुरुस्त करतोय. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालव.' तिला हसू आलं. उत्तर तिने नंतरसाठी ठेवलं. पहिल्याच मोठ्या चौकात एका डच ट्रकवाल्याने, ही रेंगाळतेय म्हणून, मागून लांबलचक भोंगा दिला.

थेल्माने त्याहून लांब दिला आणि उजवीकडे वळली.