राहात्याचा लॅपटॉप आणि त्याचे ड्रायव्हर

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. सगळे नको म्हणत असताना एखादी गोष्ट चालवायची ठरवली, की ते आपोआप साचतात. आमच्याकडे तर ढीग झाला होता, कारण नव्वदच्या दशकाच्या शेवटी, राहात्यात, जीप स्टँडवरच्या माडीवर आम्ही लिनक्स शिकवत होतो.

आम्ही म्हणजे सुजाता आणि मी. क्लास तिचा. पुण्यात इंजिनिअर होऊन ती गावी परत आली होती. मी टायपिंग शिकवायचो. तिच्या भावानं पुण्याहून एक जुना लॅपटॉप पाठवला होता आणि तो बघायला लोक जिना चढून यायचे. चोरीची कॉपी वापरायची नाही, हा सुजाताचा नियम. म्हणून त्यात मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली. नवी सीडी आली, की ती हौसेनं स्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्रॅम, नवा टाकायची. आणि चित्राचा आकार बिघडायचा.

* * *

पहिल्यांदा बिघडला तेव्हा चित्र पडद्याच्या मधोमध आक्रसून बसलं, चारी बाजूंनी काळा पट्टा. नेमके त्याच दिवशी अस्तगावचे एक शेतकरी मुलीला क्लास लावायचा म्हणून आले. सुजातानं त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"समदं बरोबर हाय," ते म्हणाले, "पण कडंनी एवढी पडीक का ठेवलीय?"

सुजाता म्हणाली, "पुढच्या हंगामात पेरू."

मुलीचं नाव घालूनच गेले.

* * *

ती मुलगी मंगल. ती शिकत होती तेव्हा उलटं झालं होतं. चित्र पडद्यापेक्षा मोठं. पुढचं बघायचं तर माउस कडेला न्यायचा, मग सगळं चित्र सरकायचं. ते ठीक करायचा सुजातानं खूप प्रयत्न केला, पण जमेना. मग तिनं सरळ तसंच शिकवायला घेतलं. आधी सरकवायचं, मग शोधायचं. मुली त्यात तरबेज झाल्या.

पुढे मंगल कॉलेजसाठी नगरला गेली आणि तिथे तिनं एक मोठा क्लास लावला. सुट्टीत भेटायला आली तेव्हा नाराज दिसली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, तिथले कॉम्प्युटर समदे जाम हायेत. सरकतच न्हाईत."

* * *

खाली जीप लावणारे संतोषभाऊ आमचं बोलणं ऐकायचे. आज ड्रायव्हर बदलला, आज ड्रायव्हरनं घोळ घातला, आज जुनाच परत घेतला. एक दिवस ते वर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, एवढे ड्रायव्हर बदलूनबी जमंना, तर गाडीच इका की."

"गाडी माझी आहे, भाऊ," सुजाता म्हणाली. "ड्रायव्हर बाहेरचे आहेत."

त्यांना ते एकदम पटलं. त्यांचाही अनुभव तोच होता.

* * *

नगरहून कॉम्प्युटर विकणारे एक शेठ महिन्याआड यायचे. आल्यावर एकच सांगायचे: हे खूळ सोडा, सगळे वापरतात ते टाका, कॉपी मी देतो, कोण विचारतंय. एकदा त्यांनी अगदी प्रेमानं समजावलं, की ताई, अजूनही परत फिरा.

सुजाता हातातलं काम न थांबवता म्हणाली, "आमच्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा अख्खं गाव म्हणत होतं, परत फिरा. ते फिरले नाहीत. मी एका ड्रायव्हरसाठी फिरू?"

शेठनी चहा अर्धा ठेवला.

* * *

जवळच्या एका शाळेला मुलांसाठी कॉम्प्युटरचा क्लास ठरवायचा होता. संस्थेच्या मंडळींसमोर आधी शेठनी आपला कॉम्प्युटर दाखवला. झकपक चित्रं, आवाज, सगळं. मग आमचा लॅपटॉप. हे काम मिळालं नाही तर माडी सोडावी लागणार, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. आणि सुजातानं आदल्या दिवशीच नवा ड्रायव्हर टाकला होता.

लॅपटॉप सुरू झाला. शाळेचं नाव तिनं माउसनं काढून ठेवलं होतं. ते इतकं अवाढव्य दिसायला लागलं, की पडद्यावर जेमतेम दोन अक्षरं मावत होती. शेठ हसले. मी मान खाली घातली.

संस्थेचे अध्यक्ष दादा म्हातारे होते, नजर अधू झालेली. ते खुर्ची ओढून पुढे आले आणि त्यांनी चित्र सरकवायला लावून, एकेक अक्षर लावत, शाळेचं नाव मोठ्यानं वाचलं. मग शेठकडे वळून म्हणाले, "तुमच्यात मला नुसते रंग दिसले. हे वाचाया आलं."

मी सुटलो म्हणून श्वास सोडला. तेवढ्यात सुजाता उभी राहिली.

"दादा, हे चुकलेलं आहे. अक्षरं एवढी मोठी यायला नकोत. मी दुरुस्त करते."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. सगळ्यांसमोर तिनं पडदा काळा केला, त्यावर पांढऱ्या ओळी टाइप केल्या, जुना ड्रायव्हर परत बसवला. चित्र आलं. शाळेचं नाव बारीक, सरळ, पडद्यावर अख्खं मावलेलं.

दादांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. पडद्याला नाक लागेपर्यंत वाकले, मग मागे टेकले.

"आता मला काय बी दिसत न्हाई," ते म्हणाले. "पोरं हिच्याकडंच धाडा."