दवाखान्याच्या घरातल्या प्रयागअक्का

प्रयागअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी भालकीच्या छापखान्यात मिरगाच्या कार्यक्रमाचं पत्रक तपासत बसलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. फोनवर त्यांची सून सुनीता होती. "सर, आई गेल्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "चहा घेतल्या, पेपर मागितल्या, आन् खुर्चीतच..." छापखान्याच्या मालकानं माझा चेहरा बघून मशीन थांबवलं. पत्रकावर खाली 'मार्गदर्शन : प्रयागअक्का सोनकांबळे, निवृत्त परिचारिका' असं छापलेलं होतं. "हे नाव काढायचं का?" त्यानं हळूच विचारलं. मी म्हणालो, "नको, राहू द्या." नंतर हुलसूरकडं जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की, कार्यक्रमाला चार दिवस उरलेत, आणि तो आता कोण घेणार हे मला माहीत नाही.

या गोष्टीला दीड महिना होऊन गेला. अक्कांना ओळखणाऱ्यांत मी तसा उशिरा आलेला माणूस. हुलसूरच्या आसपासच्या सरकारी दवाखान्यांत त्यांनी सगळी नोकरी काढली. इकडं आजही चाळिशीतला एखादा शेतकरी सहज सांगतो की, मला पहिल्यांदा हातात घेतल्या त्या सोनकांबळे सिस्टर. मला मात्र त्या भेटल्या त्या निवृत्त झाल्यावर, आणि भेटल्या त्या आमच्या घराच्या भिंतीबाहेर.

हे घर म्हणजे माझ्या आजोबांचं. निजामाच्या काळात ते हैदराबादला डॉक्टरकी शिकले आणि तिथं न राहता गावी, हुलसूरला, परतले. घराचा पुढचा अर्धा भाग दवाखाना, मागं कुटुंब. सगळा मुलूख त्यांना डॉक्टरअप्पा म्हणायचा. वडील गेल्यावर घराला कुलूप लागलं. मी भालकीच्या शाळेत मास्तर, भाऊ पुण्याला. विकायचं जिवावर आलं म्हणून आम्ही दोघांनी त्याचं संग्रहालय केलं. पितळी सूक्ष्मदर्शक, खलबत्ते, औषधं मोजायचा नाजूक तराजू, निळ्या काचेच्या बाटल्या, अप्पांची उर्दूतली रोजची वही... सगळं पुसून कपाटांत मांडलं. उद्घाटनाला गर्दी झाली. दुसऱ्या महिन्यापासून कुणी येईना. दर रविवारी मी यायचो, कुलूप उघडायचो, धूळ झटकायचो आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचो.

अशाच एका रविवारी बाजूच्या बोळात मला एक बाई दिसल्या. पिकलेले केस, नीटनेटकी सुती साडी, खांद्याला पिशवी. त्या आमच्या भिंतीवरून तळहात फिरवत होत्या, रोग्याचं पोट तपासावं तसा. मी बाहेर गेलो.

"काय बघायलाव?"

"इथं एक खिडकी होती," त्या म्हणाल्या. "मी लहान होते. माझं नाक तेवढं वर यायचं."

"असेल," मी म्हणालो. "मला काही आठवत नाही."

हे खोटं होतं. मला चांगलं आठवत होतं. त्या काळच्या महारवाड्यातली माणसं दवाखान्याच्या पायऱ्या चढत नसत. बोळात उभी राहत आणि खिडकीखालच्या दगडावर आपली बाटली ठेवत. आजोबा आतून जीभ बघत, खोकला ऐकत आणि वरून बाटलीत औषध ओतत. मी सहावीत असताना वडिलांनी खिडकी विटांनी बुजवून वर गिलावा केला. घरात त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि मीही संग्रहालय मांडताना त्या भिंतीला एक कपाट लावून मोकळा झालो होतो.

त्यांनी जास्त विचारलं नाही. आत आल्या, एकेक वस्तू बघत गेल्या. सुया उकळायच्या भांड्यापाशी थांबून म्हणाल्या, "हे उलटं ठेवलाव सर," आणि परवानगीची वाट न बघता जाळी काढून सरळ बसवली. पुढच्या रविवारी त्या परत आल्या. त्याच्या पुढच्याही. एकदा माझ्याआधीच पायरीवर येऊन बसलेल्या दिसल्या तेव्हा मी किल्लीच त्यांच्या हातात दिली.

किल्ली घेतली आणि अक्कांनी घराचा रंगच बदलला. त्यांचं म्हणणं साधं होतं. लोक येत नसतील तर लोकांच्या कामाचं काहीतरी असायला पाहिजे, आणि ते त्यांच्या सवडीनं असायला पाहिजे. उन्हाळ्यात त्या व्हरांड्यात माठ मांडायच्या आणि लेकरांच्या आयांना मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते करून दाखवायच्या. मिरग निघायच्या आधी, पेरणीसाठी रानात वर्दळ सुरू व्हायच्या बेताला, विंचू-सापाचा दिवस असायचा. आजोबांच्या पेटीत सर्पदंशावर चिरा द्यायचा चाकू आणि आवळून बांधायची दोरी होती. अक्का ते हातात धरून सांगायच्या, "डॉक्टरअप्पाच्या काळात हेच शिकवायचे. आता हे करायचं न्हाई. चिरायचं न्हाई, आवळायचं न्हाई, मांत्रिकाकडं जायचं न्हाई. हात हलवू देऊ नका आन् सरळ सरकारी दवाखाना गाठा." पहिल्या वर्षी ऐकणारे जेमतेम होते. त्यातल्या हणमंत नावाच्या माणसाच्या बायकोला त्याच श्रावणात खुरपताना साप डसला. सासरा दोरी घेऊन धावला, तर हणमंतनं ती हिसकून फेकली आणि मोटारसायकलवर मागं एकाला धरायला घेऊन, मधे बसवून तिला बसवकल्याणला नेलं. ती वाचली. दिवाळीला दोघं नवराबायको या घरी आले, बाई सगळ्या कपाटांपुढून फिरली आणि चाकूपाशी थांबून बराच वेळ बघत राहिली. त्यानंतर मिरगाच्या कार्यक्रमाला व्हरांडा पुरेनासा झाला.

येळवसेची, म्हणजे वेळ अमावस्येची, गंमत तर मला अजून आठवते. त्या दिवशी आमच्याकडं गावात चिटपाखरू नसतं, सगळी माणसं शेतात. मी म्हणालो, उद्या बंद ठेवू. अक्का म्हणाल्या, "गाव शेतात जायलंय, मग आपुन हितं कामून बसायचं? चला की." सूक्ष्मदर्शक आणि तराजू जुन्या लुगड्यात गुंडाळून आम्ही ऑटोनं निघालो. कडब्याची खोपटासारखी कोप, पूजा झालेली, भज्जी-आंबिलीवर माणसं तुटून पडलेली. जेवणं झाल्यावर अक्कांनी कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवला आणि एकेकाला बोलावलं. एक म्हातारी डोळा लावून वाकली ती उठेचना. "अगं, ह्यात तर घरं हायत," ती म्हणाली. "ओळीनं घरं बांधल्यात." त्या दिवशी आम्ही चार शेतं फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी जेवावं लागलं. परत येताना अक्का पोट धरून हसत होत्या.

मग त्यांनी नर्सिंगच्या मुली आणायचं मनावर घेतलं. बिदरच्या एका कॉलेजला त्यांनी कन्नडमध्ये स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, आशा कार्यकर्त्यांच्या बैठकीत जाऊन बोलल्या. "ज्यांना हेच काम करायचं हाय त्यांनी पूर्वी कसं व्हायचं ते बघू नये का?" मुलींना दाखवायला अप्पांची वही वाचून घ्यावी म्हणून उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या खादर गुरुजींना बोलावलं. गुरुजी एक-एक ओळ वाचायचे, अक्का मराठीत उतरवून घ्यायच्या, मी बाजूला बसायचो. अमुक पाटील, पोटशूळ. अमक्याची बायको, बाळंतज्वर. वाचता वाचता गुरुजी अडखळले.

"काय झालं?" अक्कांनी विचारलं.

"इथं नाव नाही," गुरुजी म्हणाले. "नुसतं 'बाहर' लिहिलंय. बाहर, खोकला. बाहर, जुलाब." त्यांनी पानं उलटली. "पुढंबी तसंच हाय, अक्का. बहुत हैं."

गुरुजींनी आणखी एक ओळ वाचली, "बाहर. बच्ची. बुखार," आणि चष्मा काढून ठेवला. अक्का लिहायच्या थांबल्या होत्या. "अशा लई लेकी आल्या असतील," त्या म्हणाल्या. "मीच असंल असं न्हाई." आणि ती ओळ त्यांनी जशीच्या तशी उतरवून घेतली. मला तिथं बसवेना. मी उठून त्या भिंतीपाशी गेलो, कपाटातल्या बाटल्या काढून खाली ठेवायला लागलो. मागून अक्का म्हणाल्या, "सर, काय करायलाव?" मी म्हणालो, "अक्का, मला खिडकी आठवते. पहिल्या दिवसापासून आठवते." त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय मला." आणि त्याही बाटल्या उचलायला आल्या.

खिडकी पुन्हा उघडायचं ठरलंय हे कळल्यावर लातूरहून काकूंचा फोन आला. "आपल्याच हातानं आपल्या घराला नाव ठेवायलास का रे? अप्पांनी पटकीच्या साथीत त्याच वस्तीत जाऊन औषध दिलं, ते कुणी सांगायचं?" काकूंचंही खोटं नव्हतं, आणि मी आठ दिवस गवंड्याला बोलावलं नाही. शेवटी अक्कांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "काकू बरोबर बोलल्या. साथीचं बी लिहू. माझा ताप तुमच्या आज्यानंच उतरवलाय, सर, मी कशाला त्यांचं वाईट बोलू? औषध बी खरं, खिडकी बी खरी. दोन्ही सांगायचं." मी हे काकूंना जसंच्या तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "ती बाई जेवायला येईल का रे माझ्याकडं?" अक्का लातूरला जाऊन जेवून आल्या. काय बोलणं झालं ते दोघींनीही मला कधी सांगितलं नाही.

विटा निघाल्या त्या दिवशी अक्का बोळात उभ्या होत्या. उजेड आत आला. खिडकीची चौकट त्यांच्या छातीला लागत होती. त्यांनी आत डोकावून बघितलं. "बारकीच हाय की," त्या म्हणाल्या. "मला लई मोठी वाटायची."

पुढं बिदरच्या मुली येऊ लागल्या. अक्का निम्म्या मुलींना बोळात उभं करायच्या, निम्म्यांना आत, आणि म्हणायच्या, द्या औषध. मुली हसत-खिदळत बाटल्या भरायच्या. मग अक्का आतल्या मुलीला विचारायच्या, "नाव विचारलीस का तिचं?" बहुतेक वेळा विचारलेलं नसायचं. तिथून खरं बोलणं सुरू व्हायचं... वॉर्डात माणसाला खाटेच्या नंबरानं हाक मारण्याबद्दल, कोणत्या बाईच्या अंगाला हात लावताना आपण हातमोजे आधी शोधतो त्याबद्दल. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत. एका मुलीला रडू कोसळलं तेव्हा तिला पाणी देऊन म्हणाल्या, "रडू नको. उद्यापासून विचार म्हंजे झालं." खिडकीवर आलेल्यांची नावं त्या जुन्या वस्तीच्या, आताच्या बुद्धनगराच्या, घरोघरी जाऊन त्यांनी एका नव्या वहीत गोळा केली. ज्यांना लिहिता येतं त्यांच्याकडून त्यांच्याच हातानं लिहून घेतली. स्वतःच्या आईचं नाव त्यांनी ओळीत जिथं आलं तिथं लिहिलं, वर नाही, वेगळ्या शाईत नाही.

त्या गेल्यावर मिरगाचा कार्यक्रम झाला. हणमंतनं आणि त्याच्या बायकोनं मिळून घेतला. ती बोलली, तो चाकू धरून उभा राहिला. अक्कांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारात काकू लातूरहून आल्या होत्या, सुनीताचा हात धरून बसल्या होत्या. मला वाटलं होतं, निदान नर्सिंगच्या मुलींची भेट तरी पुढं ढकलावी. पण कॉलेजातून फोन आला की, बस ठरलीय, अक्कांनी तारीख देऊन ठेवलीय. मला नाही म्हणवलं नाही.

गेल्या आठवड्यात मुली आल्या. आजवर खिडकीबद्दल अक्का बोलायच्या आणि मी मागं बाटल्या पुसत असायचो. त्या दिवशी पहिल्यांदा मला पुढं उभं राहावं लागलं. शाळेत सगळी हयात बोलण्यात गेली, पण त्या दिवशी सुरुवातच जमेना. "ही खिडकी माझ्या आजोबांनी..." इथपर्यंत येऊन मी थांबलो. मुली वाट बघत होत्या. मग मी साथीचं सांगितलं, वहीतलं 'बाहर' सांगितलं, वडिलांनी बुजवल्याचं सांगितलं, आणि मी कपाट लावल्याचंही सांगितलं. अक्कांसारखं जमलं नाही. क्रम चुकला, दोनदा तेच ते बोललो. पण सांगून झालं.

मुली जेवायला व्हरांड्यात बसल्या तेव्हा एक जण ताट तसंच ठेवून माझ्याकडं आली. म्हणाली, "सर, मी कमठाण्याची. माझी पणजी हाय अजून. तिबी असंच काहीतरी सांगत असती, पाण्याचं, औषधाचं. आमी कधी नीट ऐकलो न्हाई."

"घेऊन ये तिला," मी म्हणालो.

"तिला चालाय येत न्हाई, सर. खाटेवरच असती."

सुनीता बाजूला पोळ्या वाढत होती. आता किल्ली तिच्याकडं असते. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती या घरात सासूला डबा द्यायला तेवढी यायची. तिनं पोळ्यांची टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि मुलीला विचारलं, "पणजीचं नाव काय गं?"

"गंगूबाई."

"दुपारी झोपती का जागी असती?"

"जागीच असती."

सुनीतानं माझ्याकडं बघितलं. येत्या रविवारी आम्ही दोघं कमठाण्याला जायलोय. सूक्ष्मदर्शक बरोबर घेतोय, घरात लेकरं आहेत म्हणाली ती मुलगी.