दोराचं शेवटचं टोक

समजा, तुमच्या हातात दोराचं एक टोक दिलंय. दुसऱ्या टोकाला दोन टनांचं छपाईयंत्र बांधलंय. ते उतारावर, लोखंडी पाइपांवर उभं आहे आणि त्याला तळघरात जायची भलतीच घाई झालीय. तुम्ही त्याला जाऊ तर द्यायचंय, पण घाई करू द्यायची नाही. धराल?

खुंटीनं धरला. नुसता धरला नाही, भांडून मिळवला.

अवजड यंत्रं हलवणाऱ्या टोळीत ती चार वर्षं पाइप उचलत होती, फळ्या अंथरत होती. दोर मात्र दादाचा. दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ आणि टोळीचा मुकादम. महिन्यापूर्वी त्याचा खांदा निखळला आणि दोर कोण धरणार, हा प्रश्न आला.

"मी," खुंटी म्हणाली.

"तू? तुझी उंची बघ."

"दोर धरायचाय दादा, पंखा पुसायचा नाहीये."

टोळीतले सगळे फिस्सकन हसले. दादाही हसला, पण लगेच गंभीर झाला. "आज यंत्र सुखरूप उतरलं, तर दोर कायमचा तुझा. धक्का बसला, तर मुकाट्यानं पाइप उचलायचे."

दाराशी जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी खांब होता. त्याला दोराचे तीन वेढे घातले. गंमत अशी, की वेढे पडले की बहुतेक ओझं खांबच पेलतो. टोक धरणाऱ्याच्या वाट्याला चिमूटभर येतं. पण तेवढं सुटलं की वेढे ढिले पडतात आणि मग सगळंच सुटतं.

छापखान्याचे मालक घाम पुसत म्हणाले, "सांभाळून हं पोरी. माझ्या वडिलांच्या वयाचं आहे ते."

"मग हात धरूनच उतरवू की, काका!"

"दे!" दादा ओरडला. खुंटीनं वीतभर दोर दिला. यंत्र वीतभर उतरलं. "धर!" थांबलं. "दे!" पुन्हा वीतभर. तिच्या अंगात नुसतं चैतन्य सळसळत होतं!

खुंटी हे नाव शाळेतल्या खेळाच्या बाईंनी ठेवलेलं. बुटकी, रुंद पोर. धावायच्या शर्यतीत कुणी तिला विचारत नसे. बाईंनी मात्र तिला रस्सीखेचीच्या संघात घेतलं आणि सगळ्यांत शेवटी उभं केलं. "तू खुंटी. सात जणी तुझ्या जिवावर मागे रेलणार."

अंतिम सामन्यात दोर हातातून सरकला, तळवे भाजले आणि चौदा वर्षांच्या खुंटीनं तो सोडून दिला. क्षणार्धात पुढच्या साती जणी तोंडावर आपटून फरफटत गेल्या. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातात पाण्याचं घमेलं आणि कापूस दिला. सात जणींचे गुडघे, म्हणजे चौदा. धुता धुता पुढची पोर एवढंच म्हणाली, "हळू गं, झोंबतंय." 'का सोडलास' असं कुणी विचारलंच नाही. त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर ती एकटीच. गोलच्या खांबाला दोर बांधायचा, मागे रेलायचं आणि आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी साठ. वर्षअखेर चारशे! त्या वर्षात तिला एक उमगलं. हिसक्याला हिसक्यानं उत्तर द्यायचं नसतं. खाली बसायचं, श्वास सोडायचा, दोर नाही.

तर, यंत्र अर्ध्या उतारावर आलं आणि एक पाइप तिरका झाला. यंत्राच्या समोर कुणी जायचं नाही हा दादाचाच नियम. पण धड हातात पहार घेऊन तोच समोर गेला.

"दादा, समोर नको!"

"अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

पाइप खटकन सुटला. यंत्र दणकन पुढे सरकलं. दोर हातमोज्यांतून सुसाट निघाला, कातडं करपल्याचा वास आला. खुंटीची पावलं खांबाकडे घसरू लागली.

"सोड!" दादा किंचाळला. "हात जाईल, सोड!"

खुंटी बसली! टाचा उंबऱ्याला, बूड जमिनीला, श्वास बाहेर. हिसका नाही, फक्त पकड. एक, दोन, तीन... दोर फुसफुसला, रेंगाळला, थांबला. यंत्राची कड आणि दादाची छाती यांच्यामध्ये चार बोटं उरली होती. पोरांनी धावत जाऊन चाकांखाली घालतात तशा लाकडी पाचरी ठोकल्या आणि मग सगळेच एकदम ओरडायला लागले.

तासाभरात यंत्र जागेवर बसलं. दादानं दोराचं भेंडोळं केलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं. "घे. तुझा."

"आणि समोर न जायचा नियम?"

"तोही तुझा. आता तू दम दे मला."

"देते ना! पण आधी एक सांग. मी सोडला असता, तर तू..."

"पाइप मोजून घे," म्हणत तो वर निघून गेला.

त्यानंतर तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याला अचानक काहीतरी काम आठवलं. समोर दोन टन, पाठीशी तळघराची भिंत. हे त्याला दिसत नव्हतं असं कसं म्हणायचं? मग तो 'सोड' का ओरडला?