काढून घेतलेली पदवी

ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास आला की मला मुंबईतला पदवीदानाचा दिवस आठवतो, कारण भाड्याने आणलेल्या काळ्या झग्याला तोच वास होता. बी.ए.च्या समारंभाच्या वेळी मी तापाने गावी पडून होतो, म्हणून ती आणि वकिलीची, अशा दोन्ही पदव्या त्या एकाच दिवशी घ्यायच्या होत्या. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी शाळेचीही पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे सारंगखेड्याहून वडील मुद्दाम आले होते आणि वर गॅलरीत लाल फेटा बांधून बसले होते. पहिली पदवी झाली आणि दुसरा रंगीत हूड, म्हणजे झग्यावरचा पदवीचा गळपट्टा, घालायचा म्हणून शिपायाने माझ्या खांद्यावरचा हूड उतरवला, तोच वरून वडील ओरडले, "ओ सायब, मन्हा पोऱ्यानं काय चुकनं? दिधेल काढी का लिधं?" सगळा हॉल हसला. वर बघावं की पुढे जावं, मला कळेना. क्षणभर तर मलाच वाटलं, खरंच काढून घेतली की काय! परतताना गाडीत मी त्यांना परोपरीने समजावलं, ते नुसते मान डोलवत राहिले. नंदुरबार स्टेशनावर गावची माणसं हार घेऊन उभी होती. त्यांना वडील ऐटीत म्हणाले, "दोन दिध्यात, मंग एक परत काढी लिधी. पन वकिलीनी शे ना!" पुढे कोर्टात मी पुष्कळ खटले जिंकले, पण वडिलांपुढे माझी बी.ए.ची पदवी मला शेवटपर्यंत सिद्ध करता आली नाही.