दिवा दिसणारी जागा

माझ्या वडिलांचा लोणी भापकरला जुना टेम्पो होता, त्यामुळे डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा काय सांगतो हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. हँडब्रेक ओढलेला असला की तो लागतो. हँडब्रेक सोडल्यावरही विझला नाही, तर ब्रेक ऑइल कमी झालंय असं समजायचं. आणि ऑइल काही उन्हानं आटत नाही. लायनर तरी झिजलेले असतात, नाहीतर कुठून तरी गळत असतं. अशा वेळी वडील गाडी जागची हलवत नसत.

निरवांगीला सासरी आले आणि हे ज्ञान अडगळीत गेलं. आमची डाळिंबाची बाग होती आणि धाकट्या दिरानं नव्वदनंतर कधीतरी जुनी जीप घेतली होती. माल घेऊन इंदापूरला जाताना तो गाडी चालवायचा, मधे हे बसायचे, आणि कडेला मी, कारण बाजारात फळं निवडून लावायचं काम माझ्याकडे होतं. एका सकाळी तो दिवा लागला आणि विझेना. मी म्हटलं, "भाऊजी, ऑइल कमी झालंय. गळतंय कुठं ते बघून घ्या."

"वहिनी, गाडी मी चालवतो का तुमी?" तो हसून म्हणाला. तरी संध्याकाळी त्यानं बॉनेट उघडलं आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं ऑइल ब्रेकच्या डबीत ओतलं. मी अंगणातून ओरडले, की ते ऑइल वेगळं असतं, त्यानं आतली रबरं फुगतात. "ऑइल ते ऑइल," तो म्हणाला, आणि चावी फिरवून विझलेला दिवा मला दाखवला. "बघा, गेला का न्हाय?" सासूबाई दारातच होत्या. "म्हायेरची अक्कल हितं पाजळू नको," एवढंच बोलल्या. माहेरचं शहाणपण सासरच्या अंगणात बोलून दाखवणं, यापेक्षा मोठा गुन्हा त्या घरात नव्हता.

दसऱ्याच्या आधी दिवा पुन्हा लागला. मी पुन्हा सांगितलं, यांनाही वेगळं सांगितलं. हे म्हणाले, "त्याला कळतंय त्याचं." दसऱ्याला जीप धुतली, बॉनेटवर भंडारा उधळला, झेंडूचा हार घातला आणि दिरानं खंडोबाचा फोटो डॅशबोर्डवर चिकटवला. नेमका त्या दिव्यावर. "आता वहिनीला तरास न्हाय," तो म्हणाला, आणि सगळे हसले. हेसुद्धा. देवाचा यात काय दोष? त्याला कुठं चिकटवायचं ते माणसंच ठरवतात.

कालव्याच्या पुलाच्या उतारावर मेंढरं आडवी आली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी. दिरानं ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली जाऊन बसलं. त्यानं गाडी कठड्याकडे घेतली. मेंढरं वाचली, ते दोघे वाचले. बाहेरचा दांडा धरलेला माझा डावा हात कठडा आणि जीप यांच्यात सापडला.

दवाखान्यात माणसं नारळ घेऊन भेटायला येत होती. सासूबाई प्रत्येकाला सांगत, "निगताना रोज दिवा दिवा करायची. वढवून घेतलं तिनं." येणारी माणसं माना डोलवत. मी यांच्याकडे पाहत राहिले. हिनं दोनदा सांगितलं होतं, एवढंच एकदा म्हणायचं होतं त्यांनी. मला दुसरं काही नको होतं. ते सलाइनच्या बाटलीकडे बघत बसले. हात मोडला ते सोसलं मी. ते गप्प बसणं मला आजही सोसत नाही.

जीप बारामतीला दुरुस्त झाली. माझी दोन बोटं मिटेनात ती मिटेनातच. अंबाडा घालायला मला जाऊबाईंना बोलवावं लागतं, आणि त्या घालतात, पण हातातलं काम संपल्यावर.

पुढच्या दसऱ्याला जीपची पुन्हा पूजा झाली. दिरानं नवा फोटो आणला. मी आरतीचं ताट धरून उभी होते. तो फोटो हातात घेऊन क्षणभर थांबला, मग त्यानं तो पार दुसऱ्या टोकाला, डाव्या बाजूला चिकटवला. लाल दिवा मोकळा ठेवला. म्हणजे त्याला कळलं होतं, सगळं कळलं होतं. माझ्याकडे न बघता त्यानं हात पुसले.

मग इंदापूरला निघायची वेळ झाली. मी नेहमीसारखी पुढं चढायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "तू मागं बस गं. पुढं बसलीस की तुझं तोंड सुटतं." मी दिराकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. हे माझ्या जागेवर सरकून बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मी मागं क्रेटला टेकून बसले. तिथून दिवा दिसत नाही.