सातवीचं प्रकट वाचन

परीक्षेआधी इंग्रजीची उजळणी घेणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळेच म्हणतात. मी म्हणत नाही, पण रोज चिडते मात्र. सुरतेतली मराठी माध्यमाची शाळा, सातवीचा वर्ग. मुलं घरी अहिराणी बोलतात, गल्लीत गुजराती, मोबाइलवर हिंदी. आणि माझ्या तासाला तोंड उघडायची वेळ आली की एकेकाच्या पोटात दुखायला लागतं. लेखनाचं कसंबसं निभावतं. घरच्या माणसांवर पाच वाक्यं लिहा म्हटलं की आई, बाप आणि गावाकडची बकरी तरी कागदावर उतरते. खरा घोळ वाचनाचा. एकेकानं उभं राहून धड्यातला परिच्छेद मोठ्यानं वाचायचा असतो. कुणी कुत्रं मागं लागल्यासारखं वाचतं, कुणी प्रत्येक शब्दापाशी मुक्काम ठोकतं.

गेल्या वर्षी परीक्षेआधी तपासणीला साहेब येणार होते. ज्याला मोठ्यानं वाचता येणार नाही त्याला कच्च्या गटात घालायचं ठरलं होतं. कच्चा गट म्हणजे व्हरांड्यात तिसरीच्या पोरांबरोबर बसून अक्षरांची कार्डं जुळवायची. वयात येणाऱ्या मुलींना तिथे बसवलं की त्या हळूहळू शाळेत यायच्याच बंद होतात. साड्यांचे धागे कापायचं काम घरोघर पडलेलंच असतं. अशा दोघी-तिघी माझ्या डोळ्यांदेखत गेल्या आहेत, आणि ते आठवलं की अजून माझा संताप होतो.

त्या उजळणीत कोसाडच्या वसाहतीतून येणारी एक मुलगी वाचायला उभी राहिली. मागच्या बाकावरची, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं पुस्तक धरलं, ओठ हलायला लागले, पण आवाज काही येईना. पोरं खिदळली. "मॅडम, व्हॉल्यूम वाढवा ना हिचा," एक शहाणा म्हणाला. त्याला मी बाकावर उभं केलं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, मुलीनं मिठाची गुळणी धरली आहे. पण मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती पुटपुटत नव्हती. एकेक शब्द ओठ पूर्ण उघडून, गोल करून, नीट दाखवून म्हणत होती. सगळा परिच्छेद तिनं बिनचूक वाचला, आणि त्या वर्गात तो फक्त मला कळला.

कळला, कारण मी तशाच घरात वाढले. माझे वडील लूमच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात होते. एका पत्र्याखाली ओळीनं माग धडधडत असतात, तिथे वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्या माणसाचे कान हळूहळू जातात. कारागीर एकमेकांचं तोंड बघून बोलतात, आणि तीच रीत घरी येते. आमच्याकडेही वडिलांशी बोलायचं तर समोर जाऊन, तोंड दाखवून बोलायचं. आवाज काढला काय आणि न काढला काय, त्यांना सारखंच होतं.

मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, "घरी कुणासमोर वाचतेस?"

"पप्पांसमोर."

मग थोडं थोडं कळलं. ती बालवाडीत असताना आई कावीळ होऊन गेली. घरात बाप आणि ही, दोघंच. तोही मागावरच, आणि तेव्हापासून उतरणीला लागलेले त्याचे कान आता गेल्यात जमा. तो पाळीवरून आला की भाकरी खाऊन हिच्यासमोर बसतो आणि म्हणतो, वाच. इंग्रजीचं त्याला ओ का ठो कळत नाही. पण पोरीचं तोंड थांबलं की तो पुस्तकावर बोट आपटतो. असं वाचता वाचता तिचा आवाज वाचनातून कधी गळून गेला, ते तिलाही माहीत नव्हतं.

पण साहेबांना हे कोण सांगणार? त्यांच्या हातातल्या कागदावर वाचता येतं आणि वाचता येत नाही, एवढंच होतं. मग मी रोज सुट्टीत तिला पाण्याच्या टाकीमागे न्यायला लागले. भिंतीकडे तोंड करून तिला उभं केलं आणि स्वतः तिच्या पाठीमागे थांबले. म्हटलं, "आता मला तुझं तोंड दिसत नाही. वाच."

पहिले काही दिवस नुसताच श्वास ऐकू यायचा. मी घड्याळ बघायची, मनात चरफडायची, उद्या येऊच नये असंही वाटायचं. मग एका दुपारी बंद पडलेल्या नळासारखा तिचा आवाज आधी खरखरला आणि मग आला. बारीक होता, पण स्वच्छ. एक अख्खा परिच्छेद तिनं भिंतीला वाचून दाखवला. मी डोळे पुसून घेतले आणि तिला उगाच रागावले, घंटा झाली तरी इथेच काय उभी म्हणून.

साहेब आले, तिनं वाचलं, त्यांनी खूण केली आणि पुढच्या मुलाकडे वळले. ती कच्च्या गटात गेली नाही. मला इतका आनंद झाला होता की पुढच्या वालीमीटिंगला, म्हणजे आमच्या पालकसभेला, मी तिलाच सगळ्यांसमोर वाचायला उभं केलं.

तिचा बाप रातपाळी करून तसाच आला होता. अंगाला मशीनच्या तेलाचा वास, डोळे तांबारलेले. तो पहिल्या बाकावर, मुलांच्या त्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून बसला. ती वाचायला लागली, आवाज काढून, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं. तो तिच्या तोंडाकडे टक लावून होता. वाचून झालं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग त्यानंही वाजवल्या.

सभा संपत आली तसा तो टेबलापाशी आला. आपण किती मोठ्यानं बोलतो याचा अंदाज अशा माणसांना राहत नाही. मुलीकडे बोट करून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं त्यानं विचारलं, "मॅडम, हिना आवाज कसा शे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. तो पुन्हा म्हणाला, "लहान व्हती तवय मी आयकेल शे. आते मोठी व्हयनी. आते कसा शे?"

मी तोंड नीट उघडून म्हटलं, "चांगला आहे. गोड आहे." इतकी वर्षं मुलांना माणसाचं वर्णन करायला शिकवते, उंच, ठेंगणा, गोरा, सावळा, आणि एका बापाला त्याच्या मुलीचा आवाज सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. मला माझीच लाज वाटली. त्याचंही समाधान झालं नाही.

"तिनी मायसारखा शे का?" त्यानं विचारलं.

तिच्या आईला मी कधी पाहिलंही नव्हतं. मी मुलीकडे बघितलं. ती बापाकडे पाठ करून उभी राहिली, त्याला तोंड दिसणार नाही अशी, आणि आवाज न काढता मला म्हणाली, हो म्हणा.

मी त्याला म्हटलं, "हो. अगदी आईसारखा."

त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, मला नमस्कार केला आणि झोपायला घरी गेला. बाकीचे पालकही पांगले. ती खुर्च्या उचलायला थांबली होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "खरंच आईसारखा आहे का गं?"

तिनं खुर्ची खाली ठेवली.

"माले बी याद नही, मॅडम," ती म्हणाली. "मायना आवाज कसा व्हता ते."