बडनेऱ्याला उतरलेला समुद्र

माझ्या मावसाजींइतका स्वतःवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही. ते अमरावतीला वकिली करत, आणि खटला हरले की, "मुद्दा बरोबर होता, जज्जाले समजला नाही," असं घरी येऊन शांतपणे सांगत. स्वतःला पोहता येत नसताना तलावाच्या काठावरून लोकांना पोहायला शिकवत. चिखलदऱ्याला गेले की मळेवाल्याला कॉफी कशी लावावी ते समजावत, आणि घरी मात्र जन्मभर चहाच प्यायले. मी शिकायला त्यांच्याकडेच राहत होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलं.

असे मावसाजी एका लग्नाला रत्नागिरीस गेले आणि आगबोट, आगगाडी करत एका बरणीतून चांगला मुठीएवढा खेकडा घेऊन आले. या जातीचा खेकडा समुद्राच्या तळाशी, मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो. वाढला की मोठा शंख शोधून बिऱ्हाड हलवतो. मावशीनं त्याला स्वयंपाकघराची पायरी ओलांडू दिली नाही. तो ओसरीवरच्या घंगाळात राहू लागला. त्याचं पाणी बदलायला मुंबईचा एक पक्षकार डबे भरून पाठवी. बडनेरा स्टेशनच्या पार्सलबाबूनं विचारलं, "यात काय हाय?"

"समुद्र," मावसाजी म्हणाले.

बाबूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा विचारलं.

"अरबी!"

शेजाऱ्यांनी सुचवलं, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी आणा, जवळ पडेल. मावसाजी कडाडले, "खारी झाली म्हणून विहीर समुद्र होते काय?"

हिवाळ्यात मात्र खेकड्याला शंख अपुरा पडू लागला. एका दुपारी पाहतो तर तो शंखाबाहेर, मागचं मऊ अंग उघडं टाकून घंगाळाचा तळ चाचपत होता. मावसाजींनी नारळाची करवंटी दिली, अत्तराची कुपी दिली, शेवटी स्वतःची दौत धुऊन दिली. त्यानं एकेक हुंगल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. "मले काई सुचूनच नाई राहिलं," मावसाजी म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

मावशी उठली आणि देवघरातून अभिषेकाचा शंख घेऊन आली.

"अवो, देवाचा हाय तो!" मावसाजी म्हणाले.

"देवाले दुसरा आणता येईन. याले आत्ता पायजे."

खेकड्यानं नांगी आत घालून नीट तपासणी केली, वळला आणि पाठमोरा आत सरकला. मावसाजी बराच वेळ चष्मा पुसत बसले.

वऱ्हाडचा उन्हाळा त्याला सोसणार नाही, हे मावशीनंच ठरवलं. आम्ही तिघं त्याला घेऊन रत्नागिरीला गेलो. ओहोटीच्या खडकांत मावशीनं त्याला हलकेच ठेवलं. लाट आली, गेली, जागा रिकामी. मावसाजी भरतीबद्दल काही सांगायला लागले आणि मध्येच थांबले.

"थंडी तं नाई वाजणार न त्याले?"

मावशीनं समुद्र त्या प्रवासातच पहिल्यांदा पाहिला होता. "नाई वाजत," ती ठामपणे म्हणाली.